टन विचारण्याआधी गोधडी : लहान टाक्यांसाठी ग्लायकॉल चिलर निवडताना

डिसेंबरात एका रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. “मामा, दीड टनाचा चिलर मिळतोय. घेऊन टाकू?”

दिंडोरीच्या पुढे, वणी रस्त्याला त्याची वायनरी आहे. वायनरी म्हटल्यावर पर्यटक, रेस्टॉरंट असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. लायसन्स आहे, पत्र्याचं शेड आहे, दोन मोठ्या टाक्या आहेत आणि त्यांच्या शेजारी त्याने ३०० लिटरच्या तीन नव्या टाक्या मांडल्यात. वेगवेगळ्या प्लॉटचा शेनिन ब्लां, म्हणजे व्हाइट वाईनचं द्राक्ष, वेगवेगळा आंबवून बघायची त्याला हौस.

“टाक्यांना इन्सुलेशन केलंय?”

पलीकडे गप्प.

“मग हा दीड टन आला कुठून?”

“दुकानदार म्हणाला, टाकीला अर्धा टन धरायचा. तीन टाक्या, दीड टन.”

नाशिकच्या अंबडला माझं रेफ्रिजरेशनचं वर्कशॉप आहे. दुधाच्या बल्क कूलरवर हात बसला, मग पिंपळगाव-निफाडकडची निर्यातीच्या द्राक्षांच्या प्रीकूलिंगची कामं केली. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, वायनऱ्या वाढत गेल्या, तसे चिलरही हाताखालून जाऊ लागले. पंगतीला माणशी दोन जिलब्या धराव्यात तसा हा ‘टाकीला अर्धा टन’ सगळीकडे धरला जातो. त्यामुळे भाच्याला वहीत जे मांडून दाखवलं, तेच इथे लिहितोय.

आधी कायद्याचं उरकून घेतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, आणि घरच्या घरी स्वतःपुरती केलेली बिअर किंवा वाईनही त्यातून सुटत नाही. तेव्हा हे परवानावाल्यांसाठी, आणि जिथे घरी करायला मोकळीक आहे तिथे राहणाऱ्यांसाठी. अमेरिकेत बिअरसाठी ती १९७८ च्या केंद्रीय कायद्याने मिळाली. माझा एक पुतण्या तिकडे गॅरेजमध्ये २०-२० लिटरच्या भांड्यांत बिअर लावतो आणि त्याचेही प्रश्न हेच असतात. त्याला मी सरळ सांगितलं होतं, एकच भांडं असेल तर चिलर घेऊच नकोस. जुना फ्रीज घे, त्याला बाहेरून टेंपरेचर कंट्रोलर लाव, भांडं आत ठेव. ग्लायकॉल, म्हणजे पाण्यात मिसळलं की ते शून्याखालीही गोठू न देणारा द्रव, कामाला येतं ते एक भांडं १८ अंशांवर नि दुसरं १० वर हवं असेल तेव्हा. गार ग्लायकॉलचा एकच साठा, आणि ज्या टाकीला गरज पडेल तिच्या जॅकेटमधून (टाकीभोवतीच्या दुहेरी पत्र्यातून) किंवा आत बुडवलेल्या नळीच्या कॉइलमधून तो फिरवायचा. चिलर म्हणजे एवढंच.

आता वही उघडू. साखरेचा मद्यार्क होताना उष्णता सुटते, ग्रॅममागे साधारण ०.५५ किलोज्यूल. व्हाइट वाईन १४ अंशांवर सावकाश चालली असेल तर दिवसाला दोनेक ब्रिक्स उतरतात. एक ब्रिक्स म्हणजे लिटरला ढोबळ मानाने ११ ग्रॅम साखर. झाले लिटरला दिवसाकाठी १२ किलोज्यूल, ३०० लिटरला ३६००. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागलं की येतात ४२ वॉट. रेडचं वेगळं असतं. ती २५-२८ अंशांवर चालते, ऐन भरात दिवसाला पाच-सहा ब्रिक्स उतरवते, तेव्हा १०० ते १२५ वॉट धरा. पुतण्याच्या २० लिटर बिअरमधून भरातसुद्धा १०-१२ वॉटच निघतात. देवघरातला झिरोचा बल्ब!

भाचा म्हणाला, “मामा, काहीतरी चुकतंय. टाकीला हात लावला तर गरम लागते.”

चुकत नव्हतं. टाकी आतून जेवढी तापते त्याच्या कितीतरी पट बाहेरून तापते. ३०० लिटरच्या टाकीचं अंग साधारण अडीच चौरस मीटर. उघड्या स्टीलमधून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला आठेक वॉट आत येतात. दुपारी शेडमध्ये ३३ अंश आणि टाकीत १४, म्हणजे १९ अंशांचा फरक. गुणाकार केला तर ३८० वॉट. आंबण्याची उष्णता ४२ आणि पत्र्याच्या शेडची ३८०. भाचा चिलर घ्यायला निघाला होता तो मुख्यतः पत्रा थंड करायला.

त्याच टाकीला २५ मिलिमीटर जाडीची नायट्राइल रबरची शीट लावली की ३८० चे ६० होतात. ही काळी शीट एसीच्या पाइपांना गुंडाळलेली तुम्ही पाहिलीच असेल.

फोनवर मी बोलता बोलता म्हटलं होतं, “आधी टाकीला गोधडी घाल, मग टन विचार.” ताईने ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने घरातल्या दोन जुन्या गोधड्या एका टाकीला गुंडाळून सुतळीने बांधल्या. मोठ्या टाक्यांच्या जुन्या चिलरचं ग्लायकॉल भाच्याने तिच्या जॅकेटमधून फिरवून पाहिलं, तर सकाळी गोधड्या पिळल्या तर पाणी निघेल अशा झालेल्या. जॅकेटचा पत्रा दोन-तीन अंशांवर असतो, हवेतलं बाष्प कापडातून आत शिरतं आणि तिथे पाणी होऊन बसतं. ओल्या गोधडीतून उष्णता सरळ आत जाते, शिवाय चार दिवसांत बुरशीचा वास सुटतो, आणि वायनरीत बुरशी म्हणजे घरात साप. म्हणून हवेचे कप्पे बंद असलेलंच रबर घ्यायचं, आणि त्याचे सांधे त्याच्याच गोंदाने नि टेपने असे बुजवायचे की फट राहता कामा नये. टाकीचं झाकण, खालचा व्हॉल्व्ह आणि ग्लायकॉलचे पाइप लोक विसरतात. पाइप उघडे सोडले तर सगळ्या शेडभर टपटप चालू.

तिसरा बोजा म्हणजे पहिल्या दिवशी रस खाली आणणं. खरा जोर लागतो तो इथे. रसाला लिटरमागे, अंशामागे ४ किलोज्यूल धरा. २६ अंशांवर आलेला ३०० लिटर रस १४ वर आणायचा तर १४,४०० किलोज्यूल काढावे लागतात, आणि ते बारा तासांत काढायचे तर ३३३ वॉट. पण माल पहाटे तोडून १८ वर आणला, तर तेच काम १११ वॉटमध्ये होतं. पहाटेच्या मजुरीचे जास्तीचे पैसे भाच्याला जड वाटत होते. हा आकडा दाखवला तेव्हा गप्प बसला. एका दिवशी एकच टाकी खाली आणायची, हा नियमही त्याला तेव्हाच घालून दिला.

आता बेरीज. इन्सुलेशन केलेल्या तीन टाक्या, प्रत्येकी ६० अधिक आंबण्याचे ४५, झाले ३१५. पंपाचे ४०, पाइप आणि बाथचे, म्हणजे चिलरमधल्या गार ग्लायकॉलच्या हौदाचे, ५०. एका टाकीचं खाली आणणं ३३३. एकूण ७४० च्या आसपास, त्यावर पाव हिस्सा वरकड धरून सव्वानऊशे. म्हणजे एक किलोवॉट. गारव्याचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट, तेव्हा त्याचा दीड टन सव्वापाच किलोवॉटचा होता. इन्सुलेशन न करताही हिशोब सव्वादोन किलोवॉटच्या पुढे जात नाही.

मोठा घेतला तर बिघडलं कुठे, असं तुम्ही म्हणाल. बिघडतं. जादा मोठा कॉम्प्रेसर छोटा बाथ दोन मिनिटांत गार करतो, बंद पडतो, पुन्हा चालू होतो. दर वेळी सुरू होताना तो नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो. खेड्यातल्या सिंगल फेजवर, संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असताना, असे दिवसाला शंभर धक्के म्हणजे वाइंडिंग जळायला आमंत्रण.

आता बाजारात जा. दुकानदार हॉर्सपॉवर सांगेल. हॉर्सपॉवर ही मोटरची ताकद झाली, गारव्याची नव्हे. टन सांगेल. टन कुठल्या तापमानाला, हे सांगणार नाही. एसीसाठी मोजलेला आकडा आणि चिलरसाठी मोजलेला आकडा यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. ग्लायकॉल जितकं थंड मागाल तितकी क्षमता घटते, अंशामागे साधारण तीन-चार टक्के. बाहेरची हवा तापली की ती वेगळी घटते. म्हणून प्रश्न एकच विचारायचा, “ग्लायकॉल २ अंश आणि बाहेर ४० अंश असताना किती किलोवॉट?” उत्तर कागदावर मिळालं तर बोलणी पुढे न्यावी. “साहेब, बिनधास्त घेऊन जा,” असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघावं.

कागदावर विश्वास नसेल तर स्वतः मोजा, मी तेच करतो. भाच्याला वर्कशॉपवर बोलावलं, चिलरच्या बाथमध्ये ५० लिटर मिश्रण मापून भरलं, दुधाच्या टँकरवर वापरतात तसं थर्मामीटर सोडलं आणि मोबाइलवर घड्याळ लावलं. पाणी असेल तर ५० लिटर २५ वरून १५ ला यायला ३५ मिनिटं लागली की समजा एक किलोवॉट. पण ही सोपी परीक्षा, यात सगळेच पास होतात. खरी परीक्षा खाली. ३५ टक्के ग्लायकॉलचं मिश्रण ५ वरून ० वर यायला १६ मिनिटं लागली तर तिथे एक किलोवॉट. आमच्या समोरच्या मशीनवर एक हॉर्सपॉवरचं लेबल होतं. वरची परीक्षा ३१ मिनिटांत झाली, खालची २१ मिनिटांत. म्हणजे शून्याजवळ पाऊण किलोवॉट. सकाळी अकराला, सावलीत. भाचा म्हणाला, “आणि दुपारी दोनला?” मला बरं वाटलं, पोरगं प्रश्न विचारायला शिकलं. पुढच्या मापाचं मशीन घेतलं आणि ते दुपारी दोनलाच मोजलं.

आधी ठरवून टाकायची आणखी एक गोष्ट. वाईन पुढे टार्टरचे (द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे) खडे तळाशी पाडायला उणे तीनवर न्यायची आहे का? मग ग्लायकॉल उणे आठवर लागतं आणि २ अंशांच्या हिशोबाने घेतलेल्या मशीनची तिसरा हिस्सा क्षमता तिथेच गळते. टाक्यांना रबर असेल तर एका वेळी एक टाकी घेऊन, पूर्ण दिवस देऊन भागतं. बाकी नुसतं आंबवायचं असेल तर ग्लायकॉल उगाच उणे चारवर ठेवू नका. टाकीच्या तापमानापेक्षा १०-१२ अंश खाली पुरे. वीज वाचते, आणि जॅकेटला चिकटून रस गोठत नाही.

ग्लायकॉल प्रोपिलीनच घ्या, फूड ग्रेड, कागदासकट. गाडीच्या रेडिएटरमध्ये टाकतात ते बहुतेक इथिलीन ग्लायकॉल, ते विषारी. जॅकेटला सुईएवढं भोक पडलं तरी अख्खी टाकी ओतून द्यावी लागेल, आणि भोक कळलंच नाही तर त्याहून वाईट. प्रमाण ३० ते ३५ टक्के, उरलेलं आरओचं पाणी. विहिरीचं पाणी नको, क्षार बसतात. ३० टक्क्यांचं मिश्रण उणे १२-१३ च्या आसपास गोठायला लागतं.

हे प्रमाण मी माझ्या पहिल्या कामात अंदाजपंचे दाहोदरसे केलं होतं. कॅन ओतला, वर नळाचं पाणी, झालं. बाथचा आकडा उणे दोन दाखवत होता म्हणून निर्धास्त. पण बाथ उणे दोनवर असतो तेव्हा आतली कॉइल उणे दहाच्या आसपास असते, आणि माझं मिश्रण निघालं पंधरा टक्क्यांचं. कॉइलवर बर्फ धरला. बर्फही इन्सुलेशनच, त्यामुळे कॉम्प्रेसर रात्रभर घरघरत राहिला आणि टाकी तापत गेली. सकाळी झाकण काढलं तर आत जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्यासारखा लगदा, आणि पंप कोरडा ओरडतोय. त्या माणसाने मला पैसे दिले, पण पुन्हा बोलावलं नाही.

तेव्हापासूनची युक्ती अशी. द्राक्षवाल्याच्या खिशात ब्रिक्स मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर असतंच. मापून केलेल्या ताज्या मिश्रणाचा थेंब त्यावर टाका, जो आकडा दिसेल तो बाथच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा. दर महिन्याला पुन्हा थेंब. आकडा घसरला की पाणी शिरलंय, ग्लायकॉल वाढवा. उलट भीतीपोटी पन्नास टक्के करू नका. गार झालं की ते काकवीसारखं दाटतं आणि पंप रडतो.

पंपाचं लोक मनावर घेत नाहीत. कूलरचा पंप टाकतात. डब्यावर लिहिलेला प्रवाह हा पाणी उचलायचं नसतानाचा असतो आणि लिहिलेली उंची ही प्रवाह शून्य होतो तिथली. टाकीच्या वरच्या नळीपर्यंतची उंची मोजा आणि त्याच्या दुप्पट उंचीचा पंप घ्या. पण शंभर वॉटचा पंप बाथमध्ये बुडवला तर ते शंभर वॉट उष्णता होऊन बाथमध्येच उतरतात, म्हणजे दोन टाक्यांच्या आंबण्यापेक्षा जास्त. तीन-चार टाक्यांपर्यंत मी प्रत्येकीला वेगळा छोटा पंप देतो. एक गेला तर बाकीच्या दोघी चालतात. त्याहून जास्त टाक्या असतील तर एक मोठा पंप आणि विजेवर उघडझाप करणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, पण मग ग्लायकॉल थेट बाथमध्ये परत नेणारी बायपास लाइन हवीच, नाहीतर सगळे व्हॉल्व्ह बंद झाले की पंप भिंतीवर डोकं आपटतो. आणि बाथ काठोकाठ भरू नका, पंप थांबला की जॅकेटमधलं ग्लायकॉल परत येतं.

बाथचं माप मात्र मोठं घ्या, इथे हात आखडू नका. शेतीच्या फीडरवरचं थ्री फेज आठच तास, आणि सिंगल फेजचाही भरवसा नाही. २०० लिटरचा बाथ उणे तीनवरून पाचवर येईपर्यंत सहा हजार किलोज्यूल पोटात घेतो. दीडशे वॉट उष्णता येत असेल तर अकरा तास निघतात. कॉम्प्रेसर चालवायला मोठा जनरेटर लागतो, पण छोटे पंप घरच्या इन्व्हर्टरवर चालतात. वीज जायच्या दिवशी तेवढा बाथ खाली नेऊन ठेवायचा.

कंट्रोलर गार आणि गरम दोन्ही बाजूंचा घ्या, कॉम्प्रेसरसाठी तीन मिनिटांचा थांबा असलेला. नाशकात गरम कशाला, असं विचारू नका. जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात छापून येतो तेव्हा दिंडोरीचं शेडही गारठतं आणि यीस्ट झोपतं. हीटिंग बेल्ट लावायला दुसरा रिले हाताशी असू द्या. सेन्सर टाकीच्या मधोमध, आत खोचलेल्या बंद नळीत. मी एकदा जॅकेटला लागूनच बसवला होता. पडद्यावर १४ आणि वर रसात १९, असा आठवडा गेला.

रसात कॉइल बुडवणार असाल तर स्टीलचीच, तांब्याची नाही. भांडी बाजारात तांब्याचं काम देखणं मिळतं, पण आंबट रस तांबं खातो आणि वाईन गढूळ होते. चिलरमधल्या गॅसचं विचाराल तर आर-२२ चं जुनं मशीन स्वस्तात मिळालं तरी नको, तो गॅस बंदच होत चाललाय. आर-२९० चांगला, पण ज्वलनशील, म्हणून तो हाताळता येणारा मिस्त्री जवळपास आहे का हे आधी बघा. चिलर शेडच्या बाहेर, उत्तरेला, सावलीत, भिंतीपासून दोन फूट लांब. शेडमध्ये ठेवला तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. बागेत गंधक धुरळताना कंडेन्सरवर, म्हणजे चिलरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर, ताडपत्री टाका, आणि अर्थातच तेवढा वेळ मशीन बंद.

भाच्याच्या टाक्यांना रबर लागलं, मशीन बसलं, जानेवारीच्या शेवटी पहिला रस भरला. चौथ्या रात्री तीन वाजता त्याचा मोबाइलवर फोटो आला. टाकी १४.१, बाथ २.३, शेडमधलं थर्मामीटर ९. खाली लिहिलेलं, “मामा, कॉम्प्रेसर दीड तास झाला सुरूच झाला नाही. बिघडला का?”

मी लिहिलं, “झोप.”